अलास्का क्रूझवर बर्फ खरंच बघायचा असेल तर: बुकिंगपासून डेकपर्यंत

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की ओळखीतलं कुणीतरी अलास्काची क्रूझ करून येतं आणि ठरलेलं वाक्य ऐकवतं, जेवण भारी होतं, शो भारी होते, पण ग्लेशियर काय नीट दिसलं नाही. मी विचारते कुठलं ग्लेशियर, म्हणजे कुठली हिमनदी, तर नाव आठवत नाही. किती वाजता गेलात, तर म्हणे आम्ही तेव्हा ब्रेकफास्टला होतो ना. मी सिएटलजवळ राहते, या किनाऱ्यावर तीनदा जाऊन आलेय, एकदा मे महिन्यात नवऱ्याबरोबर, एकदा ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन आणि एकदा नुसत्या सरकारी फेरीबोटीने, आणि पहिल्या दोन वेळेला मीही चुका केल्यात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, कारण बहुतेक चुका जहाजावर होतच नाहीत, त्या चार-सहा महिने आधी बुकिंग करतानाच झालेल्या असतात.

## १. आधी रूट वाचा, जहाज नंतर बघा

लोक आधी जहाज बघतात, वॉटर स्लाइड आहे का, इंडियन जेवण मिळतं का वगैरे. थांबा. आधी त्या सात दिवसांच्या तक्त्यात ग्लेशियरचं नाव शोधा. 'इनसाइड पॅसेज सीनिक क्रूझिंग' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ग्लेशियर असा होत नाही, तो बेटांमधून जाणारा समुद्राचा रस्ता आहे, देखणा आहे, पण तिथे झाडं, धुकं आणि धबधबे दिसतात, बर्फ दिसतो तो लांब डोंगराच्या माथ्यावर.

नाव यापैकी एक असायला हवं:

ग्लेशियर बे. नॅशनल पार्क आहे, दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवर माहिती सांगतात. मुख्य आकर्षण मार्जरी ग्लेशियर, साधारण २१ मैल लांब, तोंडाशी मैलभर रुंद आणि पाण्यावर जवळपास २५० फूट उंच. जहाजाचा जवळजवळ अख्खा दिवस या खाडीत जातो. पहिल्यांदा जाणार असाल, बरोबर म्हातारी माणसं असतील, तर माझं मत सरळ आहे, हेच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

हबर्ड. ७६ मैल लांब, समुद्राकडचं तोंडच सहा मैलांहून रुंद. आजकाल बहुतेक ग्लेशियर मागे सरकतायत, हे उलट पुढे येतंय. पण समोरच्या उपसागरात तुटलेला बर्फ इतका साठतो की काही दिवस जहाज कित्येक मैल अलीकडेच थांबतं. लागलं तर लॉटरी.

एंडिकॉट आर्म आणि ट्रेसी आर्म. अलास्काची राजधानी जूनो, तिच्या दक्षिणेला शेजारी शेजारी असलेल्या दोन अरुंद खाड्या, दोन्हीकडे उभे कडे. एंडिकॉटच्या टोकाला डॉज ग्लेशियर, ट्रेसीच्या टोकाला सॉयर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयरजवळ डोंगराचा मोठा भाग खाली आला आणि त्सुनामीसारखी लाट उसळली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी आपली जहाजं एंडिकॉटकडे वळवली. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून 'आम्हाला ट्रेसी आर्मच हवं' असा हट्ट धरू नका.

इथे चुकतं: सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. पहिला दिवस नुसतं पाणी आणि हेलकावे. व्हँकुव्हर शहरातून सुटणारं जहाज बेटाच्या आतल्या बाजूने जातं, सिमोर नॅरोज नावाची चिंचोळी वाट लागते, तिथे प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो म्हणून जहाजं भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ साधून पार होतात. बोट लागण्याचा त्रास असेल तर व्हँकुव्हर.

## २. महिना ठरवा, आणि काय सोडायचं तेही ठरवा

सीझन साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. 'बर्फ बघायचाय म्हणजे लवकर जाऊ, थंडीत जास्त बर्फ' हे गणित अर्धंच बरोबर आहे. मे महिन्यात डोंगर खालपर्यंत पांढरे असतात, धबधबे सुरू झालेले असतात, पाऊस त्यातल्या त्यात कमी. फोटोला एकदम झकास. पण खाड्यांमध्ये तरंगता बर्फ जास्त असू शकतो आणि मे-जूनमध्ये सील माद्या त्याच तुकड्यांवर पिल्लं घालतात, म्हणून जहाजं त्यांच्यापासून लांब राहतात. म्हणजे बर्फ जास्त आणि ग्लेशियर लांब, असं होऊ शकतं. आमचं मेमध्ये हेच झालं, शेवटचं वळण समोर दिसत होतं, त्या वळणापलीकडे ग्लेशियर, आणि बोट तिथून परत फिरली. नवरा आजही म्हणतो आपण ग्लेशियरच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवे-करडे होतात, बर्फ माथ्यावर राहतो, पण जवळ जायची शक्यता वाढते आणि व्हेल भरपूर. सप्टेंबरमध्ये तिकिटं स्वस्त, पाऊस दणकून, दिवस लहान. जूनोला जूनअखेर अठरा तासांचा उजेड असतो, सप्टेंबरअखेर बाराच तासांचा. सप्टेंबरचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी सीलच्या पिल्लांसाठी मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असते, ती १ सप्टेंबरपासून उघडते, बर्फाने वाट दिली तर काही जहाजं आत जातात.

पावसाला घाबरू नका हो. वाटेतल्या केचिकन बंदराला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलीमीटर पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या आसपास, फक्त इथे तो चार महिन्यांत न पडता वर्षभर पडत राहतो. आणि ढगाळ हवेत बर्फाचा निळा रंग जास्त उठून दिसतो, कडक उन्हात तो नुसता पांढरा फटक. ऊन पडलं नाही म्हणून रडणारे लोक बघितले की मला हसू येतं.

चेक: तुम्हाला पांढरे डोंगर हवेत, ग्लेशियर जवळून हवंय की व्हेल? एकच उत्तर पहिलं ठेवा, मग महिना निवडा.

## ३. कॅनडाचा व्हिसा, थोडक्यात पण आधी

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आई-बाबांसाठी हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. 'अलास्का तर अमेरिकेतच आहे' हे खरं, पण जहाज व्हँकुव्हरहून सुटतं, नाहीतर सिएटलहून सुटून वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणजे कॅनडाचा व्हिसा लागणार, 'आम्ही उतरणारच नाही' म्हणून सुटका होईल असं समजू नका. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा, आहे ना ते स्टिकरवर वाचा. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. तिकिटाचा शेवटचा हप्ता भरायच्या आधी हे हातात पाहिजे, आणि नियम बदलत असतात म्हणून त्या महिन्यात सरकारी साइटवर एकदा तपासाच.

## ४. केबिन: डावी की उजवी हा वाद सोडा

राउंड ट्रिप असेल तर जाताना जी बाजू किनाऱ्याकडे ती येताना उलटी, प्रश्न मिटला. एकाच दिशेची ट्रिप असेल, व्हँकुव्हरकडून वर व्हिटियर किंवा सुअर्डला, तर उजवी बाजू जमिनीकडे येते, तेवढाच फरक. ग्लेशियरसमोर कॅप्टन जहाज सावकाश फिरवतो, दोन्ही बाजूंना पाळी येते. बाल्कनी असेल तर उत्तम, विशेषतः गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी, पण बाल्कनीतून फक्त एकच बाजू दिसते, म्हणून बर्फाच्या दिवशी निम्मा वेळ तरी उघड्या डेकवर काढायचाच.

## ५. बॅग: दोन गोष्टी लोक विसरतात

कपड्यांचं फार सांगत नाही. आत थर्मल, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस, वरून वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट. नुसता जाड स्वेटर घालून डेकवर गेलात तर ग्लेशियरवरून खाली उतरणारा वारा आरपार जातो, जुलैतसुद्धा तिथे तापमान एक आकडी असू शकतं. बाबांनी लाजत लाजत माकडटोपी आणली होती, दुपारी तीन लोकांनी ती कुठे मिळते म्हणून विचारलं.

विसरतात त्या दोन गोष्टी म्हणजे दुर्बीण आणि हातमोजे. दुर्बीण ८x४२ पुरे, जास्त पॉवरची घेतली तर जहाजाच्या थरथरीत चित्र हलतं, आणि माणशी एक घ्या, नाहीतर नेमका ग्लेशियरचा कडा कोसळताना दुर्बीण दुसऱ्याच्या हातात असते. हातमोजे असे हवेत की ते घालून मोबाइल चालेल. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, पॉवर बँकही तिथेच.

## ६. आदल्या रात्रीची तयारी

संध्याकाळी केबिनमध्ये उद्याचा छापील कार्यक्रम येतो किंवा ॲपवर येतो. त्यात तीन वेळा शोधून लिहून ठेवा: खाडीत शिरायची, ग्लेशियरसमोर पोहोचायची आणि तिथून निघायची. ग्लेशियर बेमध्ये तोंडापासून मार्जरीपर्यंत साधारण ६५ मैल आहेत, तेव्हा शिरल्याबरोबर काही दिसत नाही, काही तास जातात.

घड्याळाचा घोळ इथेच होतो. अलास्काची वेळ सिएटल-व्हँकुव्हरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज स्वतःची वेळ लावतं आणि मोबाइलला सिग्नल नसला की तो जुनीच वेळ दाखवत बसतो. केबिनमधल्या फोनवर किंवा टीव्हीवर जहाजाची वेळ बघा आणि हातातलं घड्याळ त्याला लावा.

रिसेप्शनला विचारायचा एकच प्रश्न: उद्या पुढचा डेक उघडणार का? काही जहाजं एरवी बंद असलेली नाकाकडची मोकळी जागा ग्लेशियरच्या दिवशीच उघडतात. उघडणार असेल तर किती वाजता आणि कुठल्या मजल्यावरून, तेही विचारून घ्या.

इशारा: त्या सकाळी बुफेवर अवलंबून राहू नका, सगळं जहाज तेव्हाच तिथे असतं. आदल्या रात्रीच फळं, ब्रेड केबिनमध्ये आणून ठेवा, आपला चिवडा तर असतोच. आणि डेकवर वाफाळतं मटारचं सूप वाटत फिरत असतील तर शाकाहारी मंडळींनी आधी विचारा, त्यात बऱ्याचदा पोर्क असतं.

## ७. खाडीत शिरल्यावर: बर्फ वाचायला शिका

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि नेमका याच वेळी लोक आत कॉफी पीत बसलेले असतात. ग्लेशियर दिसण्याच्या तासभर आधीपासून पाणी सांगायला लागतं. आधी रंग बदलतो, गडद निळ्या-हिरव्याचा दुधाळ हिरवा होतो, कारण ग्लेशियरने दगड दळून केलेलं पीठ पाण्यात मिसळलेलं असतं. मग हवा एकदम गार होते. मग एखादा एकटा हिमनग दिसतो, मग पाच, मग पसारा.

तुकड्यांना नावं आहेत, खलाशी तीच वापरतात. पाण्यावर पाच मीटरहून उंच तो हिमनग. एक ते पाच मीटर तो बर्गी बिट, साधारण एका मजल्याच्या घरासारखा. त्याहून लहान तो ग्राउलर, जेमतेम पाण्याबाहेर डोकं काढणारा आणि म्हणून जास्त फसवा. आणि या सगळ्यांचा चुरा म्हणजे ब्रॅश. वर दिसतं त्याच्या कितीतरी पट, साधारण नऊ दशांश, पाण्याखाली असतं हे शाळेत शिकलोय, पण डोळ्यासमोर एखादा तुकडा कूस बदलतो आणि खालचा गुळगुळीत काचेसारखा निळा भाग वर येतो तेव्हा ते पटतं.

रंगही वाचा. गडद निळा म्हणजे प्रचंड दाबाने हवा निघून गेलेला घट्ट बर्फ, बहुतेक नुकताच तुटलेला किंवा उलटलेला. पांढरा म्हणजे हवेचे बुडबुडे असलेला, उन्हावाऱ्यात राहिलेला. काळपट म्हणजे ग्लेशियरने डोंगराचे दगड-माती उचलून आणलेत, घाण नव्हे.

आता एक करा. जहाज मंद झालं की खालच्या डेकवर जा, बोलणं बंद करा आणि कान द्या. चुरा बर्फ वाजत असतो. फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक, सतत आवाज, शेकडो वर्षं दाबून बसलेली हवा त्यातून फुटून बाहेर पडते. आई म्हणाली गॅस बारीक कर, इतकं ते घरचं वाटलं तिला.

आता जहाज किती आत जाणार याचा अंदाज. ब्रॅशमध्ये मधे मधे मोकळ्या पाण्याच्या पट्ट्या दिसतायत तोवर जहाज सावकाश सरकतं. पट्ट्या बंद होऊन अख्खी खाडी एकसारखी पांढरी झाली, किंवा बर्गी बिट एकमेकांना चिकटून आले, की समजा आता फिरणार. वारा आणि ओहोटी मिळून हा बर्फ तासाभरात इकडचा तिकडे करतात, म्हणून सकाळच्या जहाजाला मिळालं ते दुपारच्याला मिळेलच असं नाही. कॅप्टनशी, गेस्ट सर्व्हिसशी भांडून उपयोग नाही, क्रूझ जहाजाचं पोलाद बर्फ फोडायला बनवलेलं नसतं, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, त्या पाण्याची माहिती असलेले स्थानिक पायलट असतात, त्यांनी नाही म्हटलं म्हणजे नाही.

चेक: एंडिकॉटसारख्या खाडीत मोठ्या जहाजावरून छोट्या कॅटामरानमध्ये, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटीत, उतरवून पुढे नेणारी वेगळी टूर असते. महाग आहे, पण मोठं जहाज जिथे थांबतं त्याच्या बरंच पुढे ती जाते. बर्फामुळे रद्द झाली तर पैसे परत मिळतात का हे बुक करतानाच वाचा.

## ८. ग्लेशियरसमोर: पळू नका

इथे साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो, कधी जास्त. लोक या बाजूला काहीतरी पडलं म्हणून इकडे पळतात, तोवर तिकडे पडतं. एक जागा धरा, कठड्याला टेकून उभे राहा, जहाज फिरेल तसं तुमच्यासमोर येईल.

पहिली फसगत उंचीची. अडीचशे फूट म्हणजे पंचवीस मजली इमारत, पण आजूबाजूचे डोंगर इतके मोठे की ती बिल्डिंग कंपाउंडच्या भिंतीएवढी दिसते आणि लोक म्हणतात, एवढंच? मोजायला काहीतरी शोधा, पायथ्याशी उडणारे पक्षी, एखादी छोटी बोट, मग डोकं ठिकाणावर येतं.

दुसरी फसगत आवाजाची. कडा कोसळला की गडगडाट येतो, सगळे वळून बघतात, तोवर सगळं पाण्यात. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तेव्हा आवाजाची वाट न बघता डोळे भिंतीवर ठेवा. कुठून आधी बारीक खडे घरंगळतायत, कुठे उभी निळी भेग आहे, ती जागा धरून ठेवा, मोठा तुकडा बऱ्याचदा तिथूनच निघतो. आणि तुकडा पडताना दिसलाच तर दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, ग्लेशियर किती किलोमीटर आहे ते कळेल. बाबांचा दिवस यातच गेला, विजेचं अंतर मोजायची जुनी सवय.

फोटोबद्दल एवढंच. मोबाइल पांढरा बर्फ बघून सगळं करडं करतो, स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. व्हिडिओ आडवा घ्या आणि सलग चालू ठेवा, पडायला लागल्यावर बटण दाबून काही हाती लागत नाही. थंड कॅमेरा लगेच उबदार लाउंजमध्ये काढलात की लेन्सवर बाष्प बसतं, आत जाताना तो बॅगेतच राहू द्या. आणि पहिली दहा मिनिटं काहीही शूट करू नका, नुसतं बघा. हे मी सांगूनही कुणी ऐकत नाही.

## ९. नदीचा दिवस, ज्याचा विचार कुणी करत नाही

समुद्रातून ग्लेशियर बघणं वेगळं आणि नदीतून वर चढत त्याच्या तळ्यापर्यंत जाणं वेगळं. रँगल नावाच्या छोट्या गावाजवळ स्टिकीन नदी समुद्राला मिळते. मोठी जहाजं इथे कमी येतात, छोटी एक्सपिडिशन जहाजं आणि सरकारी फेरीबोट येते. गावातून जेट बोटी निघतात, त्यांना खाली पंखा नसतो, पाणी ओढून मागे फेकतात, म्हणून हातभर पाण्यातही चालतात.

क्रम असा ठेवा. आधी भरतीची वेळ बघा, कारण नदीच्या मुखाशी वाळूचे मोठे पट्टे आहेत आणि ओहोटीला ते उघडे पडतात, बोटीची वेळ भरतीवर ठरते. सकाळी नऊची वेळ मिळाली नाही म्हणून कुरकुर करू नका. मग शेक्स ग्लेशियरच्या तळ्यापर्यंत जाणार का ते स्पष्ट विचारा, सीझनच्या सुरुवातीला नदीत पाणी कमी असतं, वाटेतल्या उपनाल्यात बर्फ किंवा ओंडके अडकलेले असू शकतात, मग बोट मागे फिरते. जूननंतर वितळलेलं पाणी वाढतं आणि वाट मोकळी होते. कानात घालायला बोळे न्या, इंजिनाचा आवाज डोक्यात जातो.

पाणी बघून नाक मुरडू नका, सिमेंट कालवल्यासारखा करडा रंग आहे तो त्याच दगडाच्या पिठाचा. मुखाशी हे पाणी आणि समुद्राचं गडद पाणी यांच्यामध्ये आखल्यासारखी रेघ दिसते, बोटवाल्याला सांगून तिथे दोन मिनिटं थांबा. तळ्यातले हिमनग शांत दिसतात, पण हात लावायचा मोह आवरा, ते न सांगता उलटतात. लाइफ जॅकेट फोटोसाठी काढायचं नाही.

रँगलला जमणारच नसेल तर जूनोचं मेंडेनहॉल आहे, गावापासून १२ मैलांवर, व्हिजिटर सेंटरसमोरूनच दिसतं, नगेट धबधब्यापर्यंतची वाट आजीलाही जमते. फक्त ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आदल्या दिवशी नदीची बातमी बघा. वरच्या एका खोऱ्यात साठलेलं पाणी बर्फाखालून फुटून येतं आणि मेंडेनहॉल नदीला पूर येतो, २०२३, २०२४ आणि २०२५ तिन्ही वर्षी ऑगस्टमध्येच आला.

रँगलला गेलात तर खिशात एक-एक, पाच-पाच डॉलरच्या सुट्या नोटा ठेवा. धक्क्यावर गावातली पोरं टेबल मांडून जांभळट लाल गार्नेटचे खडे विकत बसतात, नदीच्या मुखाजवळच्या खडकातून खोदून आणलेले, ती जागा गावच्या मुलांसाठीच राखून ठेवलेली आहे. माझ्याकडे वीसची नोट होती, समोरच्या सात-आठ वर्षांच्या पोरीकडे सुटे नव्हते, शेवटी चार खडे जास्त घ्यावे लागले.